गाडी जागेवर का नाही, त्याबद्दल

आदरणीय वन्सं,

तुम्हाला आणि भावजींना माझा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना अजून कटकट वाजतो, की नुसताच दुखतो? (वाजणारा गुडघा परवडला, न वाजता दुखणारा जास्त लबाड, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात.) भावजींची नवी कवळी बसली का नीट? मागे फोनवर ते मला "शाबास" म्हणाले ते मला "साबण" असं ऐकू आलं आणि मी अर्धा दिवस न्हाणीघरात काय चुकलं ते शोधत बसले. इथे आम्ही सगळे खुशाल. तुमचे बंधूही खुशाल आहेत, म्हणजे जेवतात, झोपतात, वेळेवर दुकान उघडतात. पोलीस ठाण्यात त्यांचं नाव दोनदा लिहिलं गेलंय, एकदा वरच्या रकान्यात आणि एकदा खालच्या, एवढं सोडलं तर काळजीचं काही नाही.

तुमच्या वाढदिवसाला आम्ही आलो नाही, "गाडी गॅरेजमध्ये आहे" असं कळवलं, त्याचा तुम्हाला राग आला असणार. येणारच. मलाही आला असता. पण वन्सं, तेव्हा गाडी नेमकी कुठे आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, आणि जगात इतकी गॅरेजं आहेत की त्यातल्या एखाद्यात ती असेल असं म्हणणं म्हणजे काही अगदीच खोटं नव्हे. आता सगळं सविस्तर सांगते. चहा घेऊन बसा.

सुरुवात वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांपासून झाली. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कुठलीही वस्तू नुसती उभी दिसली की ते तिचा हिशोब मांडायला लागतात. एका सकाळी खाली आपली करडी उभी होती (तुम्हाला करडी आठवते ना? तुम्ही तिला गाडी न म्हणता "ते प्रकरण" म्हणायचात), तिच्याभोवती एक फेरी मारून ते तुमच्या बंधूंना म्हणाले, "ही आठवड्यातून एक दिवस चालते. उरलेले दिवस काय करते?" तुमचे बंधू म्हणाले, "उभी असते." बँकवाल्यांनी अशी मान हलवली, की जणू घरातला कर्ता मुलगा नोकरी सोडून गच्चीवर पतंग उडवतोय. मग त्यांनी ॲपची माहिती दिली. तुमची गाडी, तुमच्या सोयीने, अनोळखी माणसाला भाड्याने द्यायची. तो स्वतः चालवणार, परत आणून देणार, आणि तुम्ही घरी पाय पसरून बसणार. मी आतून विचारलं, की बँकवाल्यांनी स्वतःची गाडी दिलीय का? ते म्हणाले, "छे, छे, माझी नवी आहे."

पण तोवर खूळ डोक्यात शिरलं होतं. तुमचे बंधू तसे साधे. दुकानाच्या एका अंगाला त्यांचे चष्मे, दुसऱ्या अंगाला माझं शिलाई मशीन, आणि मधल्या स्टुलावर बसून वाट बघणारं गिऱ्हाईक, एवढंच त्यांचं जग. त्या जगाबाहेरचे सगळे लोक प्रामाणिक आहेत असं त्यांना वाटतं, कारण आतले काही वेळा नसतात. माझी हरकत त्यांनी एका वाक्यात उडवून लावली: "अगं, हिला चोरेल कोण?" आता यात तथ्य होतं, हे तुम्हीही कबूल कराल. डावीकडे वळायचा दिवा लावला की करडीचे वायपर फिरतात. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली जाते आपल्या मर्जीने, पण वर येताना हाताचा आधार मागते. रिव्हर्स टाकायचा तर दांडा आधी किंचित उचलावा लागतो, मग मनातल्या मनात विनंती करावी लागते. शिवाय आतली सीटकव्हरं मी शिवलेली, कुणाच्या तरी पडद्यांच्या उरलेल्या कापडाची. पोपटी रंग, त्यावर उडणारे बगळे. मागच्या डाव्या सीटला कापड कमी पडलं, तेव्हा आडवंतिडवं जोडून मी वेळ मारून नेली, त्यामुळे तिथले बगळे पाय वर करून उडतात. अशी गाडी चोरण्यापेक्षा चोर नोकरी करेल, असा आमचा समज होता.

ॲपवर गाडी चढवताना तुमच्या बंधूंनी तिचा फोटो जी बाजू चेपलेली नाही त्या बाजूने काढला आणि खाली लिहिलं, "अनुभवी व प्रेमळ गाडी." लगेच एक जोडपं आलं, घर बदलत होतं, गाडी पुसून परत देऊन गेलं. मग एक गृहस्थ आले ते तीन केसाळ कुत्र्यांना स्पर्धेला घेऊन गेले. (कुत्री जिंकली. केस अजून माझ्या काळ्या कोटावर आहेत.) तुमच्या बंधूंची तर कळीच खुलली. गाडी निघाली की रस्त्याच्या वळणापर्यंत हात हलवत उभे राहायचे, जशी काही लेकच शिकायला निघालीय. नवख्या माणसाला अडचण नको म्हणून त्यांनी गाडीतच गाडीचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले, आणि चावी हरवली तर बिचाऱ्याने करायचं काय, म्हणून दुसरी चावीही ठेवली. मी म्हटलं, "एक उशी आणि पांघरूणही ठेवा." त्यांनी थोडा विचार केला, आणि वन्सं, खरंच ठेवलं.

आणि मग आला गोडबोल्या.

त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण ते खरं नव्हतं. ॲपवर त्याच्या नावापुढे खात्री पटल्याची हिरवी खूण होती, लायसन्सचा फोटो होता. (ते लायसन्स खरं होतं, पण दुसऱ्याच एका बिचाऱ्याचं. त्यालाही नंतर पोलिसांनी बोलावलं.) कपडे इस्त्रीचे, आवाज असा मऊ की ऐकताना आपणच हळू बोलायला लागतो. आधी त्याने दुकानातल्या फ्रेम्सचं कौतुक केलं. मग म्हणाला, त्याची मावशी परगावी एकटी असते, आजारी आहे, तिला इथे आणायचंय. बसचा प्रवास तिला झेपणार नाही. बोलता बोलता त्याने खिडकीतून आत डोकावून करडीची सीटकव्हरं पाहिली, आणि एकदम थांबलाच. "ही कुणी शिवली?" मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "मावशीला असं काहीतरी बघून बरं वाटेल." वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं, तिथे मीही पाघळले. त्याला चहा दिला. बिस्किटंही दिली, चांगल्या डब्यातली.

चहा पिता पिता त्याने इतके काळजीचे प्रश्न विचारले म्हणून सांगू! गाडीचे कागद कुठे असतात, वाटेत कुणी अडवलं तर? दुसरी चावी आहे ना, हरवली तर पंचाईत नको. आणि हल्ली चोऱ्या फार होतात, तेव्हा तुम्ही गाडीत तो ठावठिकाणा सांगणारा ट्रॅकर वगैरे बसवलाय की नाही? तुमच्या बंधूंना भरून आलं. आजवर एकाही भाडेकरूने त्यांच्या ट्रॅकरची चौकशी केली नव्हती. त्यांनी त्याला हाताला धरून नेलं, ड्रायव्हरच्या सीटखाली वाकायला लावलं आणि कुठे चिकटवलाय ते बोटाने दाखवलं. "हुशार आहात," तो म्हणाला. ते दिवसभर तेच वाक्य मनात घोळवत होते, मला दिसत होतं.

रविवारी संध्याकाळी गाडी यायची होती. आली नाही. फोन बंद. तुमचे बंधू म्हणाले, मावशीची तब्येत बिघडली असेल. सोमवारी म्हणाले, मावशी दवाखान्यात असेल, तिथे फोन बंद ठेवावे लागतात. मंगळवारी त्यांनी आवाज खाली आणून मला सांगितलं, "मला वाटतं, मावशी गेली." मी म्हटलं, "मावशी नाही, गाडी गेली." तेव्हा कुठे त्यांनी मोबाईलवर ट्रॅकर उघडला. आणि काय सांगू, ठिपका चालू होता! गाडी आपल्याच शहरात, पार पलीकडच्या भागात फिरत होती. आम्ही दुकानाला कुलूप लावलं, रिक्षा केली आणि निघालो. ठिपका एका गल्लीत शिरायचा, थोडा पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा पुढे, पुन्हा थांबायचा. प्रत्येक घरापाशी. रिक्षावाला म्हणाला, "बाई, हा घरं हेरतोय."  आपल्या गाडीतून हा घरफोड्या करत सुटला तर पत्ता आपला लागणार! तुमच्या बंधूंनी मात्र अजून आशा सोडली नव्हती. ते म्हणाले, "पत्ता शोधत असेल गं. आपला." शेवटी एका वळणावर ठिपका आणि आम्ही समोरासमोर आलो. ती कचरा गोळा करणारी गाडी होती. आमचा ट्रॅकर तिच्या मागच्या कडीला, चांगला तारेने गुंडाळून बांधलेला. कचरागाडीवरच्या बाईंनी तो सोडवून आमच्या हातात दिला आणि वर विचारलं, "ओला की सुका?"

तिथून पोलीस ठाणं. तिथले साहेब मोठ्या मिशांचे आणि बारीक डोळ्यांचे. समोरचा कागद हातभर लांब धरून वाचत होते. पुढचं संभाषण मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला जन्मभर विसरता येणार नाही.

"गाडी कुणी नेली?"

"त्या गृहस्थांनी."

"कुलूप तोडून?"

"नाही हो, चावीने."

"चावी त्याला कुठून मिळाली?"

"मीच दिली," तुमचे बंधू म्हणाले.

"दुसरी चावी तरी आहे ना तुमच्याकडे?"

"ती आतच होती. आणि कागदही. भिजू नयेत म्हणून पिशवीत घातले होते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणखी काही द्यायचं राहिलं होतं का?"

तुमच्या बंधूंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "स्टेपनी जरा जुनी होती."

त्या दिवशी मला कळलं की चोरी आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची टेबलंही वेगळी आहेत. न विचारता नेली तर चोरी, विचारून नेली आणि परत दिली नाही तर फसवणूक, म्हणजे सभ्यपणे विचारणाऱ्याचा गुन्हा वेगळा. चोरीच्या टेबलावरून आम्हाला फसवणुकीच्या टेबलाकडे पाठवलं, तिथल्या माणसाने जेवायला जायच्या आधी परत चोरीकडे पाठवलं. विमा कंपनीच्या बाई त्याहून गोड. म्हणाल्या, तुमच्या गाडीचा विमा घरगुती वापराचा आहे, तुम्ही ती भाड्याने देत होता हे आम्हाला कधी कळवलं होतंत का? नव्हतं कळवलं. "मग आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ॲपवाल्यांना आम्ही पानभर तक्रार लिहिली. त्यांचं उत्तर ताबडतोब आलं: तुमचा प्रवास कसा झाला? कृपया तारे देऊन कळवा.

इथवर मी हसत हसत लिहिलं, पण वन्सं, नंतरचे दिवस वाईट गेले. करडी म्हणजे नुसता पत्रा नव्हता हो. दर शनिवारी ज्या म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन तुमचे बंधू डोळे तपासतात, हे तुम्हाला माहीत आहे. भिंगांची ती जड पेटी, अक्षरांचा तक्ता, स्टँड, सगळं करडीतून जायचं. आता ते पेटी उराशी धरून बसने जायला लागले. एकदा गर्दीत पेटी उघडली आणि भिंगं सांडली, तर पायांमध्ये रांगून ती गोळा करत बसले.  खाली करडीच्या जागेवर तेलाचा डाग राहिला होता, येताजाता त्या डागाला वळसा घालून चालायचे, त्यावर पाय द्यायचे नाहीत. बँकवाल्यांनी एकदा जिन्यात त्यांना "जोखीम विभागून घ्यायला हवी होती" असं सांगितलं, तेव्हा मात्र मी वर जाऊन बँकवालीणबाईंशी सविस्तर बोलले. तो भाग या पत्रात घालत नाही.

शेवटी मीच म्हटलं, बसची ही कसरत पुरे. शनिवारपुरती गाडी भाड्याने घ्या. तेच ॲप, पण या वेळी आपण घेणारे. यात आपलं काय जाणार? त्यांनी नको नको म्हणत ॲप उघडलं आणि सगळ्यांत स्वस्त होती ती गाडी ठरवली. लाल रंगाची, फोटोत अगदी चकचकीत. मालकीण एक तरुण नर्स, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंगं करणारी. शनिवारी सकाळी आम्ही तिच्या इमारतीखाली गेलो. पोरगी रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले, पण हसून चावी दिली आणि म्हणाली, "काका, संध्याकाळी पाचपर्यंत आणा हं, मला नंतर व्हिजिटला जायचंय. आणि एक सांगायचं राहिलं, रिव्हर्स टाकताना दांडा जरासा उचला."

तुमचे बंधू गाडीत बसले. कोपऱ्यावर डावीकडे वळायला दिवा लावला. लख्ख उन्हात वायपर फिरायला लागले.

पुढच्या सीटना नवी काळी कव्हरं होती. मी हळूच मागे वळून पाहिलं. मागच्या डाव्या सीटवर बगळे पाय वर करून उडत होते.

त्यांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले.  मग म्हणाले, "हिला लाल रंग शोभत नाही." आणि वन्सं, ते रडले. मीही रडले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून आधी आरसा पुसला, नंतर डोळे. तुम्हाला वाटेल, आम्ही तडक पोलीस ठाण्यात गेलो असणार. कोणताही शहाणा माणूस तेच करेल. पण तुमचे बंधू म्हणाले, म्हातारी माणसं वाट बघत असतील. म्हणून आधी आम्ही सगळ्या घरी जाऊन सगळ्यांचे डोळे तपासले, चोरीच्या गाडीतून, जी आमचीच होती. एका आजीबाईंनी तर खिडकीतून बघून विचारलंही, "नवी घेतलीत वाटतं?"

चार वाजल्यावर आमचं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, सरळ घरी न्या आणि आपल्या जागेवर लावा. ते म्हणत होते, पाचपर्यंत परत द्यायची कबूल केलंय. मी म्हटलं, "अहो, गाडी आपली आहे!" ते म्हणाले, "पण शब्दही आपलाच आहे." मी म्हटलं, ही पोरगी त्या गोडबोल्याची साथीदार असणार, गोड हसत होती बघा. ते म्हणाले, उशीर झाला तर तारे कापतात. (गाडी चोरीला गेलेल्या माणसाला ताऱ्यांची काळजी! पण तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता.) शेवटी मी जिंकले. याचा मला नंतर पश्चात्ताप झाला, पण त्या वेळी फार बरं वाटलं. करडी आपल्या तेलाच्या डागावर येऊन उभी राहिली आणि आम्ही वर जाऊन दाराला आतून कडी लावून बसलो.

साडेपाचला फोन वाजला. नर्स. तुमचे बंधू फोनकडे बघत राहिले, उचलेनात. पुन्हा वाजला. मग मेसेज आला: काका, वाटेत काही झालं का? तुम्ही दोघं बरे आहात ना? थोड्या वेळाने आणखी एक: काकूंची तब्येत बिघडली का? तो वाचून ते माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता यायचं नाही. मंगळवारी मावशीला मारणारे हेच गृहस्थ, आणि आता तिकडे एक परकी पोरगी मला आजारी पाडत होती. त्यांनी फोन बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले, जिथे खिडकी नाही.

सात वाजता दारावर थाप पडली. तेच मिशांचे साहेब. आत आले, खुर्चीत बसले, वही लांब धरून वाचायला लागले. मग वर बघून म्हणाले, "मागच्या महिन्यात तुम्ही तक्रार केलीत, की एका माणसाने गाडी भाड्याने नेली, परत दिली नाही आणि फोन बंद केला."

"हो," तुमचे बंधू म्हणाले.

"आज एका मुलीने तक्रार केलीय, की एका माणसाने गाडी भाड्याने नेली, परत दिली नाही आणि फोन बंद केला."

"हो," तुमचे बंधू म्हणाले. "तो मी."

ठाण्यात नर्स आधीच बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिची हकिगत कळली. एका अतिशय सभ्य गृहस्थाने तिला ही गाडी विकली होती. मावशीची गाडी, म्हणाला. मावशी आता राहिली नाही, आणि तिची गाडी एखाद्या सेवा करणाऱ्या मुलीकडे जावी अशी तिची शेवटची इच्छा होती. कागद दाखवले (नाव मावशीचं आणि नंबर नवा, दोन्ही खोटं), दोन्ही चाव्या दिल्या, वर उशी आणि पांघरूण असंच ठेवून घे म्हणाला. गाडीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडायला जमावं म्हणून ती रिकाम्या दिवशी गाडी भाड्याने देत होती. तुमच्या बंधूंनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मावशी गेली, हे मी बरोबर ओळखलं होतं." त्यावर ती पोरगी रडता रडता हसायला लागली. साहेबांच्या मिशाही हलल्या, पण ते लगेच खोकले.

आता गाडी कुणाची, हे कोर्ट ठरवणार. तोवर करडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या मागच्या पटांगणात उभी आहे, दोन जळक्या मोटरसायकली आणि एका टपरीच्या शेजारी. आम्हाला दोघांनाही तिला बघायला जाता येतं, हात लावता येत नाही. तुमच्या बंधूंवर काय गुन्हा घालावा हे साहेबांना बराच वेळ ठरवता आलं नाही. चोरी म्हणावी तर वस्तू स्वतःची, फसवणूक म्हणावी तर फसलेला माणूस हाच. शेवटी ताकीद देऊन सोडलं. नर्सने तिची तक्रार मागे घेतली, आणि ॲपवर तुमच्या बंधूंना दिलेला एक तारा काढून पाच केले. खाली लिहिलं, "काका फार चांगले आहेत. फक्त गाडी परत करत नाहीत." गोडबोल्या अजून सापडलेला नाही. साहेब म्हणतात, सापडेल. मला वाटतं, तो ज्याच्या घरी चहा पीत असेल तिथे सापडेल.

हल्ली शनिवारी तुमचे बंधू आणि ती नर्स एकाच बसने जातात. तिच्या आजाऱ्यांना चष्मे लागतात, यांच्या म्हाताऱ्यांना ड्रेसिंग. पेटी ती धरते, तेव्हापासून भिंगं एकदाही सांडली नाहीत. परवा येताना तिने यांना बसमधून उतरवून घेतलं ते बघून मला वाटलं, गाडी गेली त्यात सगळंच काही गेलं नाही. पण हे मी त्यांच्यासमोर बोलत नाही, नाहीतर ते उद्या घरही भाड्याने चढवतील.

असो. पत्र फार लांबलं. तुम्ही यातून एवढंच घ्या, की अनोळखी माणसाच्या हाती आपली गाडी कधीही, कुठल्याही परिस्थितीत देऊ नये. मी तर कानाला खडा लावलाय. भावजींना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची भावजय

ता. क. खरं तर हे आधीच लिहायचं होतं. निकाल लागेपर्यंत गाडी आमच्या ताब्यात मिळावी म्हणून वकिलांनी अर्ज केलाय, त्याला प्रतिष्ठित हमीदार लागतो. आमच्या ओळखीत सगळे आहेत, प्रतिष्ठित फक्त भावजी. बँकवाल्यांना विचारलं तर त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं. भावजींना एक सही करायला पाठवाल का?

ता. क. दोन. तुम्ही कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून तुमची पांढरी गाडी झाकूनच ठेवलेली असते, असं मध्यंतरी कळलं. गाडी चालवली नाही तर बॅटरी उतरते, टायरही बसतात. तुमच्याच भल्यासाठी सुचवतेय, ती थोडे दिवस इकडे पाठवून द्या. शनिवारी त्या पोरीच्या आणि तुमच्या बंधूंच्या कामाला येईल. तेवढंच पुण्य.

ता. क. तीन. आठवड्यात शनिवार एकच असतो. उरलेल्या दिवसांसाठी मी माझ्या स्वतःच्या नावाने ॲपवर खातं उघडलंय. (तुमच्या बंधूंचं ॲपवाल्यांनी बंद केलं.) घाबरू नका, या वेळी सगळं मी बघणार आहे. भावजींना काही बोलू नका, तुमच्या बंधूंनाही मी सांगितलेलं नाही. पुरुषांना व्यवहारातलं काही कळत नाही, उगाच घोळ घालून ठेवतात. गाडी गुरुवारपर्यंत इथे पोचेल असं बघा, कारण शुक्रवारचं गिऱ्हाईक ठरलंय. मी स्वतः फोनवर बोलले त्याच्याशी. आवाजावरून तरी फार सज्जन वाटला.